यंत्राचे थारोळे

वाचकहो, मोटेचा जमाना आता संपला. विहिरीवर विजेचे पंप बसले आणि मोटेबरोबर तिची गाणीही मागे पडली. तरीपण आपल्यातल्या वडीलधाऱ्या मंडळींनी लहानपणी मोट चालताना नक्की पाहिली असेल. बैल धावेवरून खाली उतरायचे, नाडा ताणला जायचा, मोट वर यायची आणि भळकन सारे पाणी थारोळ्यात ओतले जायचे. मग बैल मागे सरायचे. तेवढ्या वेळात विहिरीतून पाण्याचा थेंबही येत नसे. पण पाटाकडे बघाल तर पाट काही तुटत नसे. विहिरीपाशी एकदा लोंढा आणि एकदा खडखडाट. पण वाफ्याशी दारे धरून बसलेल्या माणसाला पाणी मिळे ते संथ, एकसारख्या धारेने. हे काम थारोळ्याचे. मोट आपल्या वेळेने ओतते, पाट आपल्या वेळेने वाहतो, आणि दोघांच्या वेळा जुळत नाहीत म्हणून मध्ये थारोळे लागते.

आज आपण ज्या विषयावर बोलणार आहोत तो ऐकायला नवा वाटेल, पण त्याचे मूळ या थारोळ्यातच आहे. पाऊस, उष्णता, हालचाल, पाण्याची पातळी मोजणाऱ्या यंत्रांना हल्ली सेन्सर म्हणतात. हे सेन्सर संगणकाला जोडलेले असतात. सेन्सर आपल्या वेळेने माहिती ओततो आणि संगणक आपल्या सवडीने ती उचलतो. या दोघांमध्ये, संगणकाच्या आत, माहिती क्षणभर साठवून ठेवण्याची एक जागा असते. तिला बफर म्हणतात. बफर म्हणजे यंत्राचे थारोळेच. ते नसले, लहान पडले किंवा गुपचूप सांडू लागले, तर काय होते हे मला पुस्तकातून कळले नाही. ते कळले आमच्या महाविद्यालयाच्या गच्चीवर. तीच हकीकत आधी सांगतो.

मी भूगोलाचा अध्यापक. आमच्या गच्चीवर एक साधे पर्जन्यमापक पुष्कळ वर्षांपासून आहे. वर नरसाळे, खाली बाटली, आणि रोज सकाळी साडेआठ वाजता मोजपात्रात पाणी ओतून आकडा वहीत लिहायचा, एवढाच त्याचा कारभार. काही वर्षांपूर्वी आमच्या विद्यार्थ्यांनी त्याच्या शेजारी एक आपोआप मोजणारे यंत्र बसवले. त्याच्या नरसाळ्याखाली तराजूसारखी दोन कप्प्यांची एक पळी असते. ०.२ मिलिमीटर पावसाएवढे पाणी एका कप्प्यात साचले की पळी कलते, पाणी सांडून देते आणि दुसरा कप्पा धारेखाली येतो. प्रत्येक कलण्याबरोबर एक लोहचुंबक एका स्विचाजवळून जातो आणि तो स्विच डोळ्याचे पाते लवावे तेवढा वेळ मिटून पुन्हा उघडतो. स्विचाची तार पत्त्याच्या पानाएवढ्या एका छोट्या संगणकाला जोडलेली होती. संगणकाने कलण्या मोजायच्या आणि दर दोन मिनिटांनी बेरीज मोबाइलच्या जाळ्यातून खाली विभागात पाठवायची, अशी योजना होती.

रिमझिम पावसात यंत्र आणि वही यांचे चांगले जमले. मग एका रात्री पावसाने झोडपले. सकाळी बाटलीतले पाणी भरले ७१.४ मिलिमीटर आणि यंत्र सांगत होते ५७.२. मुले हिरमुसली. एक जण म्हणाला, "सर, बाटलीचंच माप चुकलं असेल." दुसऱ्याला वाटले, पावसाच्या जोरात पळीच मागे पडली असेल. ही शंका अगदीच निराधार नव्हती. मुसळधार पावसात अशी पळी थोडे कमी मोजते हे खरे आहे, कारण ती कलत असते तेवढ्या वेळातले पाणी हिशेबाबाहेर जाते. पण इथे जवळजवळ पाचवा हिस्सा गायब होता. एवढा दोष पळीच्या माथी मारता येत नव्हता.

आता कुणी म्हणेल, चौदा मिलिमीटरने असे काय बिघडते? वाचकहो, महाराष्ट्रात एखाद्या महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की ती अतिवृष्टी धरतात. हवामानावर आधारलेल्या फळपीक विम्यात भरपाई मिळायची की नाही, हेही मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्राच्या नोंदीवरून ठरते. आमचे यंत्र मुलांच्या अभ्यासाचे होते, त्याच्या आकड्यावर कुणाचा पैसा अडकलेला नव्हता. पण वहीतला आकडा रेषेच्या वर आणि यंत्रातला आकडा रेषेच्या खाली, हे पाहून मी मुलांना म्हणालो, "आता याचं कारण सापडेपर्यंत थांबायचं नाही."

कारण सापडले पदार्थविज्ञानाच्या सहकाऱ्यांच्या मदतीने. मुलांनी लिहिलेला कार्यक्रम दोन कामे एकाच हाताने करीत होता. स्विच मिटला का, स्विच मिटला का, असे तो अखंड बघत राही. दोन मिनिटे झाली की बघणे थांबवून तो बेरीज पाठवायला बसे. आमच्या गावाकडचे मोबाइलचे जाळे कसे असते ते तुम्हाला सांगायला नको. त्या पाठवण्याला सरासरी चोवीस सेकंद लागत. म्हणजे दर १२० सेकंदांतले २४ सेकंद आमच्या यंत्राची पाठ स्विचाकडे असे. चोवीस म्हणजे एकशेवीसचा पाचवा हिस्सा. तेवढाच पाऊस हरवला होता. पळी बिचारी इमानाने कलत होती, तिची हाक ऐकायला कुणी नव्हते.

इथे संगणकाच्या आतला कारभार थोडा समजून घेतला पाहिजे. संगणक म्हणजे नुसते यंत्र नव्हे. त्यात सगळ्या कामांची वाटणी करणारा एक कारभारी असतो, त्याला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. आमच्या यंत्रात लिनक्स नावाची ऑपरेटिंग सिस्टीम होती. लिनस टॉरव्हाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने १९९१ साली ती सुरू केली, आणि आज अँड्रॉइडच्या प्रत्येक फोनच्या पोटात तिचाच गाभा आहे. या कारभाऱ्याच्या हाताखाली प्रत्येक उपकरणासाठी एकेक कारकून असतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. पर्जन्यमापकाची भाषा वेगळी, कॅमेऱ्याची वेगळी. ज्याची भाषा ज्याला येते त्या ड्रायव्हरने ती ऐकायची आणि वरच्या कार्यक्रमाला समजेल अशी मांडून ठेवायची.

उपकरणाची हाक ऐकण्याच्या दोन रीती आहेत. पहिली आमच्या मुलांची: पुन्हा पुन्हा जाऊन बघणे. दुसरी रीत शाळेतल्या गुरुजींना चांगली ओळखीची आहे. तुम्ही वर्गात शिकवत असता आणि शिपाई नोटीसबुक घेऊन दारात येतो. तुम्ही वाक्य अर्धे सोडता, सही करता आणि पुन्हा फळ्याकडे वळता. नोटिशीत सांगितलेले काम मधल्या सुटीत करता. सही करायला क्षणभर, काम करायला सवडीने. संगणकातही तसेच असते. उपकरण हाक मारते, तिला इंटरप्ट म्हणतात. ड्रायव्हर हातातले काम टाकून धावतो, काय झाले आणि कधी झाले एवढेच टिपून घेतो आणि परत जातो. हे टिपण तो ज्या जागी ठेवतो तेच बफर. मग वरचा कार्यक्रम मोकळा झाला की तिथून टिपणे उचलतो.

पण टिपणे ठेवायला जागा एकच असेल तर? समजा, फळ्यावर तुम्ही फक्त "नोटीस आली" असे लिहून ठेवता. तुम्ही सुटीत पाहीपर्यंत तीन नोटिसा आल्या, तरी फळ्यावर दिसणार एकच. आमच्या पळीचे बघा. ताशी ९० मिलिमीटरच्या जोराने पाऊस कोसळत असेल तर तासात ४५० कलण्या होतात, म्हणजे दर आठ सेकंदांनी एक. चोवीस सेकंदांच्या पाठवण्यात तीन कलण्या होऊन जातात. एकाच खुणेची जागा असेल तर तीनच्या ठिकाणी एक मोजली जाईल. म्हणून एका खुणेने भागत नाही, ओळीने अनेक खाने लागतात.

हे खाने बहुधा गोलाकार मांडलेले कल्पिलेले असतात. घड्याळाची तबकडी डोळ्यापुढे आणा, मात्र तिच्यावर बाराऐवजी सोळा घरे समजा. तबकडीवर दोन काटे. एक लिहिणाऱ्याचा, एक वाचणाऱ्याचा. हाक आली की लिहिणारा आपल्या काट्याखालच्या घरात टिपण ठेवतो आणि काटा एक घर पुढे सरकवतो. वाचणारा सवडीने आपल्या काट्याखालचे टिपण उचलतो आणि आपला काटा पुढे नेतो. शेवटच्या घरानंतर पुन्हा पहिले घर येते, त्यामुळे टिपणे मागेपुढे हलवत बसावे लागत नाही. दोन्ही काटे एका घरावर आले तर थारोळे कोरडे. लिहिणारा पुरा एक फेरा पुढे जाऊन वाचणाऱ्याला गाठू लागला तर थारोळे काठोकाठ. आणि गंमत अशी, की लिहिणारा एकच आणि वाचणारा एकच असेल तर दोघांना एकमेकांसाठी थांबावेही लागत नाही. प्रत्येक जण फक्त आपलाच काटा हलवतो.

मुलांनी कार्यक्रम बदलला. आता स्विचाची हाक ऑपरेटिंग सिस्टीमनेच ऐकायची आणि टिपून ठेवायची असे ठरले. लिनक्समध्ये अशा एका तारेसाठी आपण काही न मागता सोळा टिपणांचे बफर मिळते. चोवीस सेकंदांत तीन टिपणे. सोळा खान्यांत ती आरामात मावतात. पुढच्या पावसात वही आणि यंत्र पुन्हा जवळ आले. मुलांनी पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले होते.

पण थारोळ्यालाही काठ असतो. पुढे एकदा भर पावसात मोबाइलचे जाळे चार मिनिटे अडकून बसले. चार मिनिटे म्हणजे २४० सेकंद, आठ सेकंदांना एक याप्रमाणे ३० कलण्या. खाने सोळा. मग चौदा टिपणांचे काय झाले? ती सांडली. ऑपरेटिंग सिस्टीमने सर्वांत जुनी टिपणे टाकून नव्यांना जागा करून दिली. थारोळे भरून वाहू लागले की पाणी कुठून तरी जाणारच, त्याला यंत्रही अपवाद नाही.

आता खरी महत्त्वाची गोष्ट सांगतो. त्या रात्रीचा आमचा पाऊस हरवला नाही. याचे कारण असे, की लिनक्सच्या या सोयीत प्रत्येक टिपणावर एक अनुक्रमांक असतो. पोस्टाच्या पावतीवर किंवा एस.टी.च्या तिकिटावर असतो तसा. २०२० सालच्या आवृत्तीपासून ही सोय आली. आमच्या कार्यक्रमाने शेवटचे वाचलेले टिपण होते २१२ वे, आणि जाळे मोकळे झाल्यावर हाती आलेले पहिले टिपण होते २२७ वे. मधली चौदा टिपणे नव्हती, पण ती झाली होती हे नंबरच सांगत होते. एक कलणे म्हणजे ०.२ मिलिमीटर. चौदा कलण्या म्हणजे २.८ मिलिमीटर. ते बेरजेत मिळवले की एकूण पाऊस बरोबर आला. त्या चौदा कलण्यांच्या नेमक्या वेळा तेवढ्या कायमच्या गेल्या. मुलांनी तक्त्यात तिथे रिकामी जागा ठेवून खाली लिहिले, "या अवधीतील चौदा नोंदींच्या वेळा उपलब्ध नाहीत."

मला ते वाक्य फार आवडले. पहिल्या रात्रीही यंत्राने पाऊस गमावला होता आणि या रात्रीही काही गमावलेच होते. पण पहिल्या रात्रीचे यंत्र ५७.२ हा आकडा ठामपणे सांगून मोकळे झाले होते. त्यात कुठे भोक आहे याची खूणसुद्धा नव्हती. शेजारी जुनी बाटली नसती तर आम्ही तो आकडा खरा धरून चाललो असतो. नोंद हरवणे ही अडचण आहे, पण हरवल्याचे न सांगणे ही खोटी नोंद आहे. हजेरीपत्रकात एखाद्या दिवशी हजेरी घ्यायची राहिली तर जागा रिकामी ठेवून शेरा लिहिणारे गुरुजी प्रामाणिक. अंदाजाने सगळ्यांना हजर मांडणाऱ्याचे पत्रक दिसायला स्वच्छ, पण त्याच्यावर कुणी विश्वास ठेवू नये. चांगल्या ड्रायव्हरची परीक्षाही इथेच होते.

लिनक्समध्ये हे तत्त्व आणखी एका ठिकाणी दिसते. फोनच्या पडद्यावर बोट फिरते तेव्हा बोटाच्या जागांची टिपणे अशीच एका बफरमधून वर जातात. ते भरून वाहिले तर "मधले काही सुटले" अशा अर्थाची एक खास खूण त्यात घातली जाते. ती खूण दिसली की वाचणाऱ्याने अर्धवट टिपणांवर विसंबायचे नाही. बोट आत्ता कुठे आहे ते उपकरणाला नव्याने विचारून घ्यायचे, असा दंडक आहे. सहलीला गेलेल्या मुलांची मोजणी चुकली असे वाटले, की आपण जुना आकडा धरून बसत नाही. पुन्हा एका ओळीत उभे करून मोजतो. तसेच हे.

थारोळे भरल्यावर काय सांडू द्यायचे, जुने की नवे, हा प्रश्नही दिसतो तितका सोपा नाही. पावसाच्या तारेसाठी लिनक्स जुने टाकते. पण त्याच लिनक्सच्या दुसऱ्या एका विभागात, जिथे हालचाल, दाब, प्रकाश असे सेन्सर सांभाळले जातात, तिथले नेहमीचे बफर भरले की नव्याला आत घेत नाही, आधी आलेले राखते. कोणते बरोबर? ते कामावर अवलंबून आहे. फोन आडवा धरला की चित्र आडवे व्हायला हवे, तिथे अर्ध्या मिनिटापूर्वी फोन कसा धरला होता याला काही किंमत नाही. तिथे ताजे हवे. पण भूकंपाच्या नोंदीत सुरुवातीचाच भाग मोलाचा असेल, तर तिथे जुने जपावे लागते.

भूकंपाचे नाव निघाले म्हणून कोयनेची आठवण देतो. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला मोठा धक्का बसला. धरणाच्या अंगात ठेवलेल्या यंत्राने तो हादरा नोंदवला आणि ती नोंद धरणे बांधणाऱ्या अभियंत्यांनी जगभर अभ्यासली. त्या काळी जोराचे धक्के नोंदणारी यंत्रे अखंड चालत नसत. चालवायची तर कागद किती लागेल! धक्का ठरावीक जोराच्या वर गेला की ती जागी होत आणि प्रकाशाने कागदावर किंवा फिल्मवर रेघा उमटवू लागत. यात एक उणीव होती. जागे होण्याच्या आधीचा हादऱ्याचा पहिला अंश अशा यंत्रांच्या हातून निसटे. जो गेला तो गेला.

आजची यंत्रे ही उणीव बफरने भरून काढतात. ती अखंड मोजत राहतात आणि गोल बफरमध्ये अलीकडचे थोडेसेच जपतात, जुने पुसून नवे लिहितात. धक्का आला की पुसणे थांबवतात. म्हणजे धक्क्याच्या आधीचे काही क्षण आधीच थारोळ्यात असतात. हीच युक्ती एका चिमुकल्या चिपमध्ये पाहायला मिळते. अ‍ॅनालॉग डिव्हायसेस कंपनीची एडीएक्सएल ३४५ नावाची हालचाल मोजणारी चिप आहे. आकाराने तुरीच्या दाण्याहून फारशी मोठी नाही. तिच्या पोटातच ३२ खान्यांचे थारोळे आहे आणि ते कसे वागावे ते तिला सांगता येते. थारोळे वापरूच नको, असे सांगता येते. भरले की थांब आणि जुने जप, असे सांगता येते. भरले की जुने टाक आणि ताजे ठेव, असेही सांगता येते. आणि चौथी रीत अशी, की इशारा येईपर्यंत ताजे ठेवत राहा, इशारा आला की त्याच्या आधीची काही मापे राखून पुढची भरून घे.

अशा चिपमुळे आणखी एक लाभ होतो, तो म्हणजे विजेची बचत. ही चिप सेकंदाला शंभर मापे घेत असेल आणि दर मापाला हाक मारत असेल, तर मुख्य संगणकाला सेकंदातून शंभर वेळा उठावे लागेल. त्याऐवजी तिला सांगायचे, "सोळा मापे साचली की मग हाक मार." आता सेकंदाला सहासात हाकांतच भागते. मधल्या वेळात संगणक डुलकी घेऊ शकतो. या सोळाच्या रेषेला वॉटरमार्क म्हणतात, म्हणजे धरणाच्या भिंतीवरची पाण्याची खूणच. ती काठाच्या खाली का ठेवायची? कारण हाक मारल्यावर धावून यायलाही वेळ लागतो. बत्तीसपैकी सोळा खाने रिकामे असले तर ते भरायला ०.१६ सेकंद लागतात, आणि तेवढी सवड संगणकाला मिळते. पाणी भिंतीच्या माथ्याला लागल्यावर दरवाजे उघडायला धावणारा कारभारी काय कामाचा? अँड्रॉइड फोनमध्ये अशा रीतीने मापे साठवून एकदम उचलण्याची सोय २०१३ सालापासून आहे. खिशातला फोन झोपलेला असूनही तुमची पावले मोजली जातात, त्यात या थारोळ्याचा हात आहे.

मग कुणी म्हणेल, थारोळे मोठेच बांधा की, भांडण कशाला? त्याचा हिशेब सोपा आहे. आवक किती वेगाने होते आणि उचलणारा जास्तीत जास्त किती वेळ गैरहजर राहू शकतो, या दोहोंचा गुणाकार करा आणि वर थोडी जागा ठेवा. आमच्या यंत्रात आठ सेकंदांना एक टिपण आणि खोळंबा चार मिनिटांचा, म्हणून तीस खाने लागत होते. मुलांनी चौसष्ट मागून घेतले. तेवढ्यात साडेआठ मिनिटांचा खोळंबा निभतो, आणि पाऊस दुप्पट जोराने पडला तरी चार मिनिटांचा निभतो. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. थारोळे पाटाचा वेग वाढवत नाही. आवक कायमच जावकीपेक्षा जास्त असेल तर केवढेही थारोळे आज ना उद्या भरणारच. थारोळे फक्त वेळ उसना देते. तो उसना वेळ संपायच्या आत उचलणाऱ्याने परत आलेच पाहिजे. म्हणून मुलांनी नुसते खाने वाढवले नाहीत, तर कामही वाटून दिले. टिपणे उचलणारा एक आणि जाळ्यातून पाठवणारा दुसरा. पाठवणारा अडकला तरी उचलणारा मोकळा राहतो.

आणखी दोन बारकावे सांगून टाकतो. टिपणावर वेळ लिहायची ती घटना घडल्याची, उचलल्याची नव्हे. आपण चार मिनिटांनी येऊन तीस टिपणे एकदम उचलली आणि तीच वेळ त्यांवर घातली, तर तक्त्यात ढगफुटी दिसेल, आणि झालेली असेल साधी सर. दुसरे म्हणजे, हे थारोळे संगणकाच्या तात्पुरत्या स्मरणात असते. वीज गेली की ते कोरडे. आपल्याकडे पाऊस आणि वीज जाणे यांचे नाते काय आहे ते मी सांगायला नको. म्हणून उचललेले टिपण लगेच कायमच्या साठवणीत लिहून ठेवले पाहिजे.

शिक्षक मंडळींसाठी एक सोपा प्रयोग सुचवतो. वर्गात खडूने मोठे वर्तुळ काढून त्याची आठ घरे करा. कागदाच्या चिठ्ठ्यांवर १ पासून नंबर घाला. एक मूल पाऊस होईल आणि मनाला येईल तेव्हा टाळी वाजवील. दुसरे मूल प्रत्येक टाळीला पुढच्या घरात एक चिठ्ठी ठेवील. तिसरे मूल चिठ्ठ्या उचलून वहीत नंबर लिहील, पण मध्येच तुम्ही त्याला फळा पुसायला पाठवा. घरे भरली की लिहिणाऱ्याने सर्वांत जुनी चिठ्ठी खिशात घालायची. शेवटी वहीतले नंबर मोठ्याने वाचायला लावा. कोणते सुटले ते मुलांना आपसूक दिसेल. मग हाच खेळ नंबर न घालता कोऱ्या चिठ्ठ्यांनी खेळा, आणि विचारा, "आता किती सुटल्या?" कुणालाच सांगता येणार नाही. त्या क्षणी मुलांना जे उमगेल ते माझ्या या भाषणाने उमगणार नाही.

वाचकहो, यापुढे पाऊस, पाणी, हवा मोजणारी यंत्रे आपल्या शिवारात वाढतच जाणार आहेत. ती चांगली आहेत, त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. पण त्यांचा आकडा समोर आला की तीन प्रश्न विचारायची सवय आपण लावून घेऊ या. याचे थारोळे केवढे आहे? ते भरल्यावर काय सांडते, जुने की नवे? आणि सांडले तर हे यंत्र तसे सांगते का? यातला तिसरा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो.

आमच्या गच्चीवर ती जुनी बाटली अजून आहे. नवे यंत्र आता नीट चालते, तरी सकाळी साडेआठला एक मूल मोजपात्र घेऊन वर जाते आणि वहीत आकडा लिहिते. ज्या दिवशी कुणी जात नाही, त्या दिवशीची जागा आम्ही रिकामी ठेवतो.